शनिवारच्या टाळ्या गुरुवारी

प्लॅस्टिकच्या पिशव्या कुणी मुद्दाम साठवत नाही. एकेक घडी करून गादीखाली सारायची आणि एक दिवस गादी उचलली की, अगं बाई, एवढ्या! माझ्या डोक्यात समोरच्या ऑफिसचे किस्से असेच साठलेत. मी काही मुद्दाम बघत नाही हो. माझी स्वयंपाकघराची खिडकी आणि त्यांचं शटर समोरासमोर आहे, त्याला मी काय करणार?

आमच्या जळोचीत शुभांगी आणि तिचा नवरा संतोष यांनी हे ऑफिस टाकलं. बोर्डावर लिहिलं, 'इव्हेंट मॅनेजमेंट आणि प्रेस रिलेशन्स'. मी नववी पास. पहिल्याच दिवशी चहा घेऊन गेले आणि विचारलं, "म्हणजे मंडप घालता?"

"नाही काकू, मंडपवाले वेगळे."

"मग जेवण?"

"केटरर वेगळा."

"लाऊडस्पीकर?"

"साउंडवाला वेगळा."

"मग तुम्ही काय करता गं?"

"आम्ही त्या सगळ्यांना फोन करतो."

आता बघा! दिवसभर फोन तर मीही करते. मला कुणी ऑफिस काढून दिलं नाही!

*

हाच प्रश्न शुभांगीच्या सासऱ्यांनाही पडला होता. आबा निरवांगीला असतात, ऊस आणि पेरूची बाग. माणूस मोठा कडक. एकदा बोलले की शब्द फिरवत नाहीत, ही त्यांची सगळ्या तालुक्यात ओळख. ऑफिसच्या पूजेला आले, प्रसाद घेतला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "दिवाळीपतुर बघा. न्हाय बस्तान बसलं तर शटर लावायचं आन् निरवांगीला यायचं. सूनबाईला पतसंस्थेत जागा बघून ठिवलीया."

शुभांगी हसून "हो आबा" म्हणाली. पण तिचा हात तेव्हा शटरच्या कडीवर होता आणि कडी वाजत होती. मला खिडकीतून ऐकू आलं ना!

*

एका गुरुवारी मी त्यांच्या टेबलावरचा कागद सहज वाचला. सहज म्हणजे, समोर पडला होता. लिहिलं होतं, 'ट्रॅक्टर शोरूमचे उद्घाटन टाळ्यांच्या कडकडाटात उत्साहात संपन्न झाले.'

मी म्हटलं, "अगं, उद्घाटन शनिवारी आहे ना?"

"हो काकू. ही प्रेसनोट. पेपरवाल्यांना आधी द्यावी लागते."

"मग टाळ्या वाजल्या हे तुला आजच कसं कळलं?"

तिनं कागद उलटा ठेवला. म्हणाली, "काकू, शनिवारी तुम्ही मोकळ्या आहात का?"

गेले. आणि हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. छापून येणार होतं ना! खोटं पडून कसं चालेल?

*

तेव्हापासून मी त्यांच्या कार्यक्रमांना जायला लागले. गर्दी कमी असली की संतोष गाडीत घालून नेतो. नरसिंहपूरला एका दूध डेअरीचा कार्यक्रम होता. स्टेजवर नऊ खुर्च्या. निवेदक एकेकाला "व्यासपीठावर यावं" म्हणत होता. कुणाचं नाव राहिलं की खालून कुणीतरी बोट दाखवायचं, मग त्यांनाही बोलवायचं. नाव राहून गेलं की माणूस वर्षभर बोलत नाही म्हणे. खालच्या खुर्च्या उचलून वर नेल्या. निवेदकही वर. फोटोवालाही वर, तो डेअरीवाल्यांचा पाहुणाच निघाला.

मग अध्यक्ष उभे राहिले आणि म्हणाले, "समोर बसलेल्या माझ्या बंधू आणि भगिनींनो!"

मी इकडंतिकडं बघितलं. बंधू म्हणजे साउंडवाला आणि भगिनी म्हणजे मी!

*

बारामतीतल्या एका नर्सरीवाल्यांची पत्रकार परिषद होती. त्यांनी आठ दिवस उत्तरांची तयारी केलेली. 'आपल्याला ही प्रेरणा कुठून मिळाली?' याचं उत्तर तर त्यांनी पाठ करून मलाही म्हणून दाखवलं होतं. चार पत्रकार आले. पोहे खाल्ले, फाइल घेतली. शुभांगी म्हणाली, "काही प्रश्न?" कुणी बोलेना. नर्सरीवाल्यांचा चेहरा इतका पडला की मला बघवेना.

मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. म्हटलं, "अहो, रोप मेलं तर बदलून देता का?"

हे पाठ केलेल्यात नव्हतं. ते गडबडले. घाम पुसत म्हणाले, "हो... म्हणजे... देऊ की."

चारही पत्रकारांनी पेनं काढली. दुसऱ्या दिवशी ठळक मथळा, 'मेलेले रोप बदलून देणार!'

नर्सरीवाले आठवडाभर शुभांगीचा फोन उचलत नव्हते. मी त्यांच्याकडून दोन जास्वंदी आणल्या होत्या. एक वाळली. बदलून दिली बिचाऱ्यांनी, पण माझ्याकडं असं बघत होते की मी दुसरी वाळली तरी गेले नाही.

असं सगळं चाललेलं आणि दिवाळी आली महिन्यावर. गिऱ्हाईक नाराज झाल्याचं निरवांगीपर्यंत पोचलं होतं. आबांचा फोन आला, "फराळ हितंच करायचा हाय, ध्यानात हाय न्हवं?"

*

आणि मग इंदापूरचा पेरू बागायतदारांचा मेळावा आला. रविवारचा कार्यक्रम, आणि शुक्रवारी ठरलेल्या अध्यक्षांनी पाय मागं घेतला. संतोष म्हणाला, "आबांना बसवू. मी आणतो त्यांना." आबा फोनवर "बगू" एवढंच म्हणाले.

शुभांगीनं त्याच संध्याकाळी प्रेसनोट लिहून धाडली. मी वाचली. 'अध्यक्षस्थानी ज्येष्ठ बागायतदार आबा होते. सुनेने धंदा सुरू केला तर सासऱ्याने पाठीशी उभे राहावे, शटर लावायला सांगू नये, असे प्रतिपादन त्यांनी केले.'

मी म्हटलं, "अगं, पेरूच्या मेळाव्यात शटर कुठून आलं?"

"काकू, लिहिता लिहिता आलं." डोळे पुसले तिनं.

रविवारी सकाळी आबांचा फोन. "मोटारीला लाईट आलीया. ऊस तहानलाय. मी काय येत न्हाय." धावपळीत कुणाला प्रेसनोटची आठवणच राहिली नाही. संध्याकाळी आठवली, तोवर पेपरचं पान छापायला गेलं होतं. सोमवारी सगळं जसंच्या तसं छापून आलं. फोटोत अध्यक्षांच्या खुर्चीवर शालींची पिशवी होती!

मंगळवारी आबा आले. हातात पेपर. मी लगेच चहा टाकला आणि घेऊन गेले, कारण खिडकीतून नीट ऐकू येत नव्हतं.

"वाच," आबा म्हणाले.

शुभांगीनं वाचलं.

"ह्ये मी बोललो?"

"आबा, चूक झाली..." संतोष म्हणाला.

"तू गप. काल एसटी स्टँडवर चार जनांनी हातात हात घेतला. आपल्या गावचा तात्या म्हनला, 'आबा, मी दुसऱ्या लायनीत हुतो. काय बोलला तुमी! डोळ्यांत पानी आलं.'"

दुसऱ्या लाइनीत मी होते. एकटीच! पण मी जीभ चावली.

"आता त्यानं ऐकलंय म्हंजी मी बोललोच असनार," आबा म्हणाले. बशीत ओतून चहा घेतला. पेपरची घडी केली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात जपून ठेवली. उठले. शटरपाशी थांबले, त्यावरून हात फिरवला. "ह्याला जरा तेल द्या. लई वाजतंय."

शुभांगीनं धीर करून विचारलं, "आणि आबा, ते दिवाळीपर्यंतचं?"

आबा चपला घालता घालता म्हणाले, "त्ये चार भिंतीत बोललो हुतो. ह्ये पेपरात बोललोय."