तिसऱ्या मजल्याचा हिरवा दिवा

आमच्या साडूंइतका संशयी माणूस लालबाग-परळच्या हद्दीत दुसरा नाही, आणि त्यांच्याइतका भोळाही नाही. हे दोन गुण एकाच सदऱ्यात कसे नांदतात, हे कोडं मला लग्नापासून पडलेलं आहे. दाराची बेल वाजली की ते आतून "कोण?" विचारतात. "मी" म्हटलं की "मी म्हणजे कोण?" विचारतात. नाव सांगितलं की "कशावरून?" विचारतात. एकदा मी गिरगावातून आंब्याची पेटी घेऊन भर उन्हात त्यांच्या चाळीत पोचलो, तर दाराच्या फटीतून त्यांनी मला आमच्या सासऱ्यांच्या गावाचं नाव विचारलं. ते सांगितल्यावर दार उघडून अत्यंत प्रेमाने म्हणाले, "साडूभाऊ, आवाज तुमचाच होता. पण नुसत्या आवाजावर विश्वास ठेवून कसं चालेल?" आणि हाच माणूस हिंदमाताला एका दुकानदाराने "रंग गेला तर परत आणा" म्हटल्यावर एकाच रंगाचे सात शर्ट घेऊन आला. रंग पहिल्याच धुण्यात गेला. साडू आजतागायत त्या दुकानदाराची बाजू घेतात. त्यांच्या मते दोष बादलीचा होता.

ही सवय त्यांना नोकरीने लावली. लोअर परळच्या एका कंपनीत ते कॉम्प्युटरवर पहारा करायचे. म्हणजे काय, हे त्यांनी मला इतक्या वेळा समजावलं आहे की आता मी तुम्हाला झोपेतही सांगू शकेन. आपल्याला मोबाइलवर एक बटण दिसतं, पण त्याच्या मागे शंभर लहान लहान प्रोग्राम एकमेकांशी बोलत असतात. त्यातला कुणी थकतो, कुणी गप्प बसतो, आणि कधी कुणी भलताच आपलं नाव बदलून आत घुसतो. म्हणून प्रत्येक प्रोग्रामच्या दारात एक राखण्या बसवायचा. प्रोग्रामांनी आपसांत थेट बोलायचं नाही. जे काय बोलायचं ते राखण्यांनी, तेही आधी एकमेकांची ओळख पटवून, कुणाला कळणार नाही अशा भाषेत, आणि प्रत्येक निरोपाची वेळ टिपून ठेवायची. राखण्यांच्या या जाळ्याला म्हणायचं सर्व्हिस मेश. "म्हणजे आमच्या लग्नात झालं तसं," मी एकदा म्हणालो, "मी आणि बायको सोडून बाकी सगळे बोलत होते." साडूंनी गंभीरपणे मान डोलावली आणि तो दाखला ऑफिसात नव्या पोरांना दिला.

मग एके दिवशी कंपनीच्या लक्षात आलं की हा पहारा आता कॉम्प्युटरच कॉम्प्युटरवर करू शकतो. साडूंना पुष्पगुच्छ, शाल आणि वेळेआधीची निवृत्ती मिळाली. माणूस घरी बसला, पण नजर घरी बसेना. कुकरच्या दोन शिट्ट्यांमधलं अंतर ते वहीत लिहू लागले. शेजारचा रेडिओ रोजच्यापेक्षा चार मिनिटं उशिरा लागला तर चौकशीला जाऊ लागले. शेवटी माझी मेहुणी, म्हणजे आमच्या सुमनताई, हात जोडून म्हणाल्या, "तुम्हाला काहीतरी राखायला मिळाल्याशिवाय मला सुख नाही."

ते मिळालं, त्याला चोरी कारण झाली. सुमनताई चाळीतल्या बायकांना घेऊन ऑफिसांना जेवणाचे डबे पुरवतात. स्वयंपाक चार घरांत वाटलेला आहे. पहिल्या मजल्यावर सुमनताईंकडे आमटी-भात होतो, दुसऱ्यावर शिंदेबाईंकडे भाजी होते, तिसऱ्यावर मालूताईंकडे पोळ्या लाटल्या जातात, आणि तळमजल्यावर पेडणेकर काकू डबे भरतात. पावणेबाराला टेम्पो येतो. तर एके सकाळी कुणीतरी तिसऱ्या मजल्यावर जाऊन "सुमनताईंनी पाठवलंय" असं सांगून वीस पोळ्या घेऊन गेलं. चौकशी केल्यावर समजलं, की चाळीतल्या मागच्या खोलीतल्या बिऱ्हाडाकडे अचानक पाहुणे आले होते. साडूंच्या डोळ्यांत निवृत्तीनंतर प्रथमच पाणी आलं. आनंदाचं. "खोटी ओळख सांगून आत शिरकाव," ते म्हणाले. "मला एक महिना द्या."

सुमनताईंनी दिला, पण अट घातली. नेमका त्याच महिन्यात परळच्या एका मोठ्या ऑफिसने डबे चाखायला घेतले होते. ते टिकले तर साडूंचा पहारा कायमचा. पण पहाऱ्यापायी एक जरी डबा चुकला, तर पहारा उठवायचा आणि पुन्हा कुणाच्या चुलीकडे फिरकायचं नाही. साडूंनी देवासमोर हे कबूल केलं. हे गेलं तर मागे फक्त कुकर उरणार, हे त्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवसापासून चाळीतले सगळे निवृत्त नवरे खुर्च्या टाकून दारादारांत बसले. पातेलं न्यायचं ते राखण्याने, निरोप सांगायचा तो राखण्याने. तळमजल्याच्या दारात पेडणेकर काका बसले. आयुष्य गिरणीत काढलेला माणूस, शिस्त रक्तात. मालूताई एकट्या राहतात, त्यांच्या दारात बसायला कुणी नवरा नव्हता, म्हणून तिथे साडू स्वतः बसले. जिन्याखाली बोर्ड लागला. गणपतीच्या आराशीतून उरलेले दिवे त्यावर बसवले होते, प्रत्येक स्वयंपाकघराला तीन. वेळेवर असेल तर हिरवा, रेंगाळत असेल तर पिवळा, बंद पडलं तर लाल; बटणं त्या त्या दारातल्या राखण्याच्या हाती. आणि रोज सकाळी एक नवा परवलीचा शब्द निघायचा. तो दुसऱ्या दिवशी चालायचा नाही.

एका सोमवारी साडूंनी शब्द ठेवला "सुरमई". सुमनताईंचा राखण्या दाढी करायला गेला होता, म्हणून त्या स्वतःच आमटीचं पातेलं घेऊन खाली उतरल्या. पेडणेकर काकांनी हात आडवा घातला. ही बाई त्यांची शेजारीण, या धंद्याची मालकीण, आणि त्यांच्या धाकट्याच्या बारशाला कुंची घेऊन आलेली. काका म्हणाले, "वैनी, आजचो शब्द?" सुमनताईंना शब्द माहीत होता, पण त्यांचा सोमवारचा उपास होता, आणि उपासाच्या दिवशी तोंडातून मासळीचं नाव काढायला त्या तयार नव्हत्या. "समुद्रातलं आहे, तुम्हीच काय ते समजा की," इतकंही त्यांना म्हणवेना. काकांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "मग आमटी हयच रवांदे." पाऊण पातेलं आमटी पायरीवर निवत राहिली, आणि दोन माणसं एकमेकांकडे बघत उभी राहिली. अखेर काकूंनी आतून येऊन नवऱ्याची खुर्ची, नवऱ्यासकट, बाजूला सरकवली. संध्याकाळी साडूंनी काकांना शाबासकी दिली आणि सुमनताईंनी साडूंना जेवायला वाढलं नाही. दुसऱ्या दिवसापासून शब्द भाज्यांचे आले.

तरी खरं सांगायचं तर गाडी रुळावर आली होती. पोळ्या पळवणं थांबलं. भाजी खारट झाली तर कुणाच्या हातून झाली, ते वहीत सापडायचं. परळच्या ऑफिसचे डबे रिकामे होऊन परत येत होते. महिना संपायला चार दिवस उरले होते, आणि साडू शीळ घालत जिना चढायचे.

त्यातच तो गुरुवार उजाडला. मी काही कामाने भायखळ्याला गेलो होतो, येताना सहज डोकावलो. साडेअकरा वाजले होते. बोर्डावर चारही दिवे हिरवेगार होते. काकूंनी आमटी, भात, भाजी भरून डबे मांडले होते आणि पोळ्यांची वाट बघत होत्या. पावणेबारा झाले, टेम्पो आला. पोळ्या आल्या नाहीत. काकू बोर्डाकडे बघत होत्या, बोर्डावर तिसरा मजला हिरवा होता. टेम्पोवाला थांबेना. परळचे डबे पोळ्यांविना गेले, आणि तो निघून गेल्यावर पाच मिनिटांनी पोळ्यांची परडी खाली आली.

दुपारी सुमनताईंच्या घरी सगळे जमले. शिंदेबाई म्हणाल्या, लाल दिवा असता तर त्यांनी भाजी सोडून चार पोळ्या लाटून दिल्या असत्या. काकू म्हणाल्या, "भाऊजी, मी तुमच्या दिव्यावर विसंबले. तो हिरवा कसा होता?" मालूताई दाराशी बसल्या होत्या, पदरात हात गुंडाळून, नजर खाली. साडूंनी एकदा तिकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे.

"माझा डोळा लागला होता," ते म्हणाले.

ज्या माणसाने स्वतःच्या लग्नाच्या रात्रीही म्हणे मध्येच उठून कंपनीला फोन लावला होता, तो माणूस पहाऱ्यावर झोपला, हे ऐकून पेडणेकर काकांनी मान खाली घातली. साडू उठले आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन बोर्ड उतरवायला गेले. परळच्या ऑफिसची सुमनताईंनी स्वतः जाऊन माफी मागितली आणि डबे कसेबसे टिकले. पहारा मात्र गेला.

पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम गेलो. म्हटलं, माणूस खचला असेल. घरी नव्हता. शोधत तिसऱ्या मजल्यावर गेलो. मालूताईंचं दार लोटलेलं होतं. ढकललं, तर साडू पाटावर बसून पोळी लाटत होते. भुवयांपर्यंत पीठ, आणि पोळपाटावर धड गोल नाही, धड चौकोनी नाही असा एक प्रदेश. मालूताई तव्याशी बसून डाव्या हाताने भाजत होत्या. उजवं मनगट पट्टीत होतं. मला बघून त्या उठायला लागल्या, साडूंनी त्यांना हाताने बसवलं आणि मला जिन्यात आणलं.

पोळ्या रोज दोन-दोन मिनिटं मागे पडत होत्या, ते हळू आवाजात सांगू लागले. वहीत सरळ दिसत होतं. आठव्या दिवशी, म्हणजे त्या गुरुवारी, त्यांनी आत डोकावलं, तर ही बाई डोळ्यांत पाणी आणून लाटत होती. कुणाला सांगू नका म्हणाली. हे काम गेलं तर दिवसभर दाराशी येणारं कुणी नाही. "मग मी दिवा पिवळा कसा लावणार? आयुष्यात पहिल्यांदा खोटं दाखवलं, साडूभाऊ. आणि पहिल्याच खेपेला पकडलो गेलो." मी म्हणालो, सुमनताईंना तरी सांगा. त्यांनी दोन्ही कानांना पिठाचे हात लावले. शब्द दिला होता.

त्या दिवशी मला खाली साडूंच्या घरीच जेवायला थांबवलं. सुमनताई डब्यांतून मागे ठेवलेल्या पोळ्या वाढत होत्या. मी नीट पाहिलं. परडीतल्या गोल पोळ्या सगळ्या डब्यांत गेल्या होत्या, आणि आमच्या तिघांच्या ताटांत वाकड्यातिकड्या तेवढ्या निवडून आल्या होत्या. साडूंनी एक घास घेतला, चावला, आणि साळसूदपणे म्हणाले, "मालूताईंच्या पोळ्या हल्ली जरा जाड होतात, नाही?"

"हात दुखत असेल हो तिचा," सुमनताई म्हणाल्या, आणि त्यांच्या ताटात आणखी एक वाढून वर तुपाची धार सोडली. "खा. मऊ आहेत."