समोरासमोरचे दोन दगड

लवूफ शहरात थडग्यांचे दगड घडवणाऱ्या आमच्या हिपोलितमामांना दोन सवयी होत्या. अक्षरं कोरून झाली की ती मोठ्याने वाचायची, आणि दगड बसवला की हातोडीच्या दांड्याने ठोकून खाली पोकळ की भरीव ते ऐकायचं.

लुद्विकचा दगड त्यांनी कोरला, पण वाचला नाही. तर्कशास्त्र शिकणारा हा मुलगा नीस्टर नदीत बुडाला होता. देह मिळाला नव्हता. त्याच्या चुलत्याने रिकाम्या थडग्यावर आडवा दगड बसवून घेतला : ‘इथे लुद्विक विसावला आहे.’

दुसऱ्या दिवशी त्याची आई, तेओदोराबाई, कारखान्यात आली.

"खाली एक ओळ वाढवा. ‘या दगडावरचं सगळं खोटं आहे.’"

"पण बाई, ती ओळही याच दगडावर येणार. म्हणजे तीही खोटीच की."

तिने ती ओळ स्वतःशी पुटपुटून पाहिली. मग हळूच म्हणाली, "ती खोटी, तर दगडावर काहीतरी खरं उरतं. आणि उरते ती वरचीच ओळ. म्हणजे मीच त्याला थडग्यात लोटते आहे."

मामांनी तिला स्टूल दिलं.

"जेवताना हेच चालायचं त्याचं," ती म्हणाली. "भाषेने स्वतःच्या खरेपणाची साक्ष द्यायची नाही, त्यासाठी वरची दुसरी भाषा लागते. मी म्हणायचे, आधी सूप संपव." थोड्या वेळाने ती उठली. "मग दुसरा दगड घ्या."

थडग्यासमोर छोटा दगड उभा राहिला : ‘समोरच्या दगडावरचं खोटं आहे.’ हा मात्र मामांनी खणखणीत वाचला.

पुढे दर नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, ती मामांना आडवा दगड ठोकायला लावी.

"पोकळच ना?"

"पोकळच, बाई. ऐका की."

एका वर्षी ती यायच्या आधीच मामांनी दांड्याने ठोकलं. आवाज भरीव आला. कडेचं शेवाळ अखंड होतं, माती कुणी हलवली नव्हती, अक्षरं होती तशीच होती. मामांनी पुन्हा ठोकलं. मग इतकी वर्षं न वाचलेली ओळ त्यांच्या तोंडून आपोआप उमटली.

तेओदोराबाई आली. "पोकळच ना?"

"पोकळच," मामा म्हणाले. हातोडी त्यांनी आधीच कोटात घातली होती.

त्या संध्याकाळी, इतर थडग्यांवर लावतात तशी, मामांनी त्या आडव्या दगडावर पहिल्यांदा मेणबत्ती लावली. तेओदोराबाईने ती पाहिली. विझवली नाही.