मी न दाबलेलं रद्द

भूतखेत, करणी, अंगात येणं... या सगळ्याची मी आयुष्यभर टिंगल केली. आजही हे लिहिताना लाज वाटते, पण ती भुताची नाही.

अकोल्यात जठारपेठेत, औषधाच्या दुकानावर आमची दोन खोल्यांची कंपनी होती. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे रोजचा पेपर उघडायची भीती वाटावी अशी ती वर्षं. आम्ही कापूस खरेदी केंद्रांसाठी टोकनचं मशीन बनवत होतो. आत डिजिटल किल्ल्या, म्हणजे कुलूपबंद फाइल उघडणारे गुप्त संकेत, सांभाळणारी सुरक्षा चिप. चालू काम 'रद्द' केलं की चिप एक आकडा परत देते आणि आमचा ड्रायव्हर, म्हणजे चिपशी बोलणारा प्रोग्राम, त्याची वाट बघतो. नव्या चिपा भलताच आकडा द्यायच्या – कोणता, ते कागदांत नव्हतं – आणि ड्रायव्हर अडकून बसायचा.

ऑफिसात तशी चिप फक्त माझ्यासोबत काम करणाऱ्या रफीकभाईंच्या कॉम्प्युटरमध्ये होती. त्यांची बायको सलमा वर्षापूर्वी गेली. तिच्या आवाजाची रेकॉर्डिंग त्याच चिपच्या किल्लीने कुलूपबंद होती, दुसरी कॉपी नाही. "याले हात लावू नका," एवढंच त्यांनी सांगितलेलं.

रद्द तपासायला लांब चालणारी कमांड लागते. सगळ्यात लांब म्हणजे जुनी किल्ली पुसून नवी बनवणं. आदल्या दिवशी रफीकभाईंनी साहेबांसमोर माझी चूक काढली होती, ते डोक्यात होतंच. शुक्रवारी ते नमाजला गेले आणि मी त्यांच्या कॉम्प्युटरवर ती कमांड सोडली.

ते लवकर परतले. दारातूनच स्क्रीन पाहिली.

"भाऊ, रद्द कर ते. सलमाचा आवाज हाय त्यात."

माझं बोट बटनावर होतं. मी दाबलं नाही. एवढा मी नीच होतो.

"दाबलं ना रफीकभाई... ऐकूनच नाही राहिलं ते."

किल्ली गेली. ते चपला न काढता तसेच खुर्चीत बसले.

संध्याकाळी आम्ही दोघांनी लॉग, म्हणजे कॉम्प्युटर आपोआप ठेवतो ती नोंद, उघडला. त्यात ओळ होती – 'रद्द पाठवले'. वेळ तीच, ते दारात बोलले त्या सेकंदाची. खाली चिपचं उत्तर, आम्ही कधीच न पाहिलेला आकडा. उशिरा थांबली होती ती, किल्ली पुसून झाल्यावर.

कीबोर्ड एकच, माझ्यासमोर. ते दारात. खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

तो आकडा ड्रायव्हरमध्ये घातला आणि रद्द सगळीकडे चालू लागलं. अमरावतीला साहेबांनी सत्कार केला माझा.

ती ओळ कुणी लिहिली, मला आजही माहीत नाही. रफीकभाई मात्र दर ईदला शिरखुर्म्याला बोलावतात, मुलांना सांगतात, "या काकानं दाबलं होतं रे. म्या सोता वाचलं."

मी वाटी संपवतो.