चपलांची टोकं दाराकडे

अख्खं इस्पितळ तिला मावशी म्हणायचं. आत्या म्हणणारी मी एकटीच, कारण ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. बायकांच्या वॉर्डात ती सव्वीस वर्षं आया होती. बावीस खाटा, दोन बेसिनं आणि एक कुरकुरणारी ढकलगाडी. त्या गाडीच्या चाकाला ती घरून आणलेलं शिलाई मशीनचं तेल घालायची, कारण चाक वाजलं की नुकतं डोळा लागलेलं माणूस दचकून उठतं. "मशीन गंजलं तरी चालेल, पण हिची गाडी पळाली पाहिजे," असं आतोबा कुरकुरायचे.

अशा बारीकसारीक गोष्टी तिच्याकडे ढीगभर होत्या. खाटेखालच्या चपलांची टोकं दाराकडे हवीत, म्हणजे उठलेल्या बाईला चाचपडत वळायला नको. बेडपॅन द्यायच्या आधी गरम पाण्यानं विसळायचं. पाण्याचा पेला सलाईन नसलेल्या हाताच्या बाजूला ठेवायचा. हे सगळं करताना तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नसे, आणि तिला त्याचं काही वाटतही नसे.

लक्ष गेलं ते एका नव्या सिस्टरचं. पहिल्याच आठवड्यात तिच्या हातावर एक म्हातारी गेली, आणि ही पोर चादरींच्या खोलीत हुंदके देत बसली. आत्यानं तिला चहा पाजला, तोंड धुवायला लावलं आणि पुन्हा वॉर्डात उभं केलं. तेव्हापासून सिस्टर आत्याच्या मागेमागे. "मावशी, हे असं का? ते तसं का?" असं विचारायची आणि खिशातल्या वहीत टिपून घ्यायची. घरी आत्या कौतुकानं सांगायची, "मला मूल नाही, पण माझं कोणीतरी लिहून घेतंय." पुढे सिस्टर वॉर्डची इन्चार्ज झाली, तेव्हा पेढे वाटावेत तशी आत्या ती बातमी वाटत फिरली.

मग एका दुपारी इस्पितळाच्या सभागृहात कार्यक्रम झाला. रुग्णसेवेतल्या नव्या कल्पनांसाठी सिस्टरचा सत्कार होता. आत्या खुर्च्या मांडून भिंतीशी उभी राहिली. पडद्यावर चपलांचा फोटो आला, मग पेल्याचा, मग गाडीच्या चाकाचा. सिस्टर बोलत होती, "दोन वर्षं बारकाईनं निरीक्षण केल्यावर हे माझ्या लक्षात आलं." आत्या वाट पाहत राहिली. आता नाव घेईल, मग घेईल. शेवटी सिस्टर म्हणाली, "आपल्या आयांना हे आपणहून सुचत नाही. त्यांना शिकवावं लागतं."

टाळ्या वाजल्या. शेजारच्या वॉर्डबॉयनं कोपरानं ढोसलं, म्हणून आत्यानंही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी चादरींच्या खोलीत तिनं सिस्टरला गाठलं.

"पोरी, मला सुचत नाही?"

"मावशी, भाषणात तसं बोलावं लागतं हो. तुमचं नाव घेतलं असतं तर वरच्या साहेबांनी ऐकून तरी घेतलं असतं का? शेवटी पेशंटचं भलं झालं ना?"

"झालं. पण मला शिकवलं कोणी?"

सिस्टरनं घडी घातलेली चादर उलगडली आणि पुन्हा तशीच घातली.

आठवड्यानं वॉर्डात छापील सूचना लागल्या. खाली आयांनी सही करायची होती: 'वरील प्रशिक्षण मिळाले.' आत्या चष्मा लावून सावकाश वाचत गेली. पेल्यापुढे लिहिलं होतं, 'नेहमी डावीकडे.' तेवढ्यात तिची नजर अकरा नंबरच्या खाटेकडे गेली. तिथल्या बाईचा डावा हात सलाईनमध्ये अडकलेला, पेला डावीकडे, आणि ती उजवा हात अंगावरून ताणत होती. आत्यानं पेला उचलून उजवीकडे ठेवला.

"मॅडम, मी सही करणार नाही," ती म्हणाली. सिस्टरला तिनं मॅडम म्हटलं ते पहिल्यांदाच.

"मावशी, रागावलात?"

"माझी धुलाईकडे बदली करा."

"तुम्ही गेलात तर वॉर्ड कसा चालेल?"

"शिकवा की कोणाला तरी."

बदली झाली. नोकरीची शेवटची दोन वर्षं तिनं वाफेनं कोंदलेल्या त्या खोलीत काढली. सिस्टर कधी जिन्यात भेटली तर म्हणायची, "बऱ्या आहात ना मावशी?" आत्या "हो मॅडम" म्हणून पुढे जायची. एकदा सिस्टर घरी आली, मिठाई घेऊन. आत्यानं चहा दिला, विचारपूस केली, दारापर्यंत सोडलं. मिठाई मात्र आतोबांनीच संपवली.

धुलाईत रुग्णांचे झगे यायचे. त्यांच्या नाड्या पाठीवर मधोमध. दिवसभर उताणं पडलेल्या माणसाला ती गाठ खुपणारच. आत्यानं रोज दुपारी चार-पाच झग्यांच्या नाड्या उसवून कुशीला शिवल्या. तिच्या निवृत्तीपर्यंत जवळजवळ सगळे झगे तसे झाले होते. हे तिनं मलाही फार उशिरा सांगितलं, आणि सांगून झाल्यावर विचारलं, "तू कुठे लिहून तर ठेवत नाहीस ना?"