बाबांच्या पिंडाला कावळा शिवेना

बाबांच्या दहाव्याला लंडनमधल्या हाउन्सलोच्या आमच्या बॅक गार्डनमध्ये पिंड मांडला आणि कुंपणावर कावळे येऊन बसले. बसले ते बसलेच. डोक्यावरून विमानं इतकी खाली जात होती की खिडक्या थरथरत होत्या, पण एकही कावळा हलेना. सगळे एकटक पिंडाकडे बघत होते.

"काहीतरी राहिलंय रे त्यांचं," आई म्हणाली.

मी हात जोडले. "आईला सांभाळीन, बाबा. पुण्याचा फ्लॅट विकणार नाही." छे! गुरुजींना घाई होती, दर्भाचा कावळा करून शिवून टाकू म्हणाले. "मुळीच नाही!" आई कडाडली. मग माझ्याकडे वळली. "तो धंदा बंद करतो म्हण."

तो धंदा म्हणजे माझा बासमतीचा. बाबा एकाहत्तरच्या लढाईत पश्चिम सीमेवर होते. माझा पार्टनर पलीकडचा, आपल्या फौजेने तेव्हा घेतलेल्या एका गावातला. बाप एकमेकांवर गोळ्या झाडत होते, आम्ही एकाच व्हॅनमध्ये गोणी भरतो. पहिली गोणी घरात आली आणि बाबांनी भात सोडला. पार्टनर आला की ते उठून वरच्या खोलीत जायचे. म्हातारा भलताच खुनशी, असं म्हणत मी चिडायचो. लढाईबद्दल मात्र त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही.

"धंदा बंद होणार नाही," मी म्हणालो. "मेल्यावरसुद्धा वैर? कमाल आहे!" आई रडायला लागली.

पार्टनर सकाळपासून किचनमध्ये सगळ्यांसाठी चहा करत होता. मराठी त्याला कळत नाही, पण रडणं कळलं. तो बाहेर आला आणि चपला काढून पिंडासमोर उकिडवा बसला.

"अंकल, हमसे कोई गलती हुई हो तो माफ कर दीजिए."

कावळे ढिम्म.

तो पिंडाच्या आणखी जवळ सरकला. मग अगदी हळू म्हणाला, "अंकल, हमारे गाँव में जो भी हुआ, हमने माफ किया."

त्याचं बोलणं संपायच्या आत कावळा शिवला.

"झालं, सुटले," म्हणत गुरुजी आवरायला लागले. आई पदर तोंडाला लावून पार्टनरकडे बघत राहिली. "काय केलं होतं रे ह्यांनी तिथे?" तिने त्याला विचारलं.

त्याने अर्थासाठी माझ्याकडे पाहिलं. मला तो प्रश्न हिंदीत सांगायचा धीर झाला नाही.