दारामागची ओळ

मोठ्या बाई शाळेचं कुलूप काढून आत आल्या की आधी दाराची मागची बाजू बघत. तिथे खडूने एकच ओळ लिहिलेली असे: त्या वर्षी शाळेत करायचं एक काम. ते झालं की ओळ पुसून दुसरी लिहीत. मी चौथीत असताना ओळ होती, 'मुलींच्या संडासाला खाली कडी'. वरची कडी पहिलीतल्या मुलींच्या हाताला लागत नसे, म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नसत. बाईंच्या आधी हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

शाळेत दुसऱ्या बाई नव्हत्याच, तरी वाडी त्यांना मोठ्या बाई म्हणे. त्या मूळच्या शेवगावच्या. अकोले तालुक्यातल्या डोंगरात, चार इयत्तांच्या एका खोलीत त्यांनी नोकरी काढली. "एक झालं की दुसरं," एवढंच त्यांचं धोरण.

माझ्या बाकावरचा दत्तू पुढे सुप्याला कारखान्यात काम करून परतला आणि शाळा समितीचा अध्यक्ष झाला. त्याला हे धोरण मान्य नव्हतं. शाळेचा पट अकरावर आला होता. वाडीची शाळा बंद करून मुलं खाली रस्त्यावरच्या मोठ्या शाळेत जीपने न्यावीत, असा प्रस्ताव आला, तेव्हा त्याने तो उचलून धरला. त्या सभेला मी हजर होतो.

"बाई, चपलेला किती टाके घालायचे? नवीच घ्यावी लागती. तिथं वर्गाला मास्तर हाय, प्रयोगशाळा हाय."

"नवी येईपर्यंत पोरं अनवाणी चालणार का, दत्तू?"

"आत्ता तरी काय घालून चालत्यात?"

पहिलीतल्या मुली जीपमध्ये बसतील का, हा वाडीतल्या यमुनाकाकूंचा प्रश्न तसाच राहिला. काकूंची नात पुढच्या जूनमध्ये पहिलीत बसणार होती.

पट तपासायला तालुक्याहून शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. त्या सकाळी शाळेत अठ्ठावीस मुलं बसलेली होती. काकूंनी आणि इतर बायकांनी शेजारच्या वाड्यांतून भाचे-पुतणे आणले होते. गणवेशही मागून आणलेले. एकाची चड्डी सुतळीने बांधली होती. साहेबांनी डोकी मोजली, समाधानाने मान हलवली आणि हजेरीपत्रक मागितलं. बायका खिडकीशी दाटल्या. दत्तू दारात उभा होता. तोंड उघडलं तर वाडीशी वैर, म्हणून तोही बोलला नाही.

बाईंनी हजेरी घेतली. अकरा नावं झाली. त्यांनी पत्रक मिटलं.

"आणि बाकीचे?" साहेबांनी विचारलं.

"पाहुणे आहेत. खिचडी खाऊन जातील."

साहेब गेल्यावर काकू आत आल्या. "बाई, तुमीच बुडवली आमची शाळा."

"बुडवली, यमुनाताई," बाई म्हणाल्या. "पण खोटं नाव लिहिणार नाही."

उरलेलं वर्षभर काकू बाईंशी बोलल्या नाहीत.

जूनमध्ये जीप आली. दहा मुलं चढली. काकूंची नात आजीचा पदर सोडेना. बाईंची नेमणूक आता खालच्याच शाळेत होती. त्या मागच्या फळीवर बसल्या आणि शेजारची जागा हाताने झटकली. मुलगी पदर सोडून चढली. नोकरी संपेपर्यंत बाई त्याच फळीवर बसून गेल्या-आल्या.

नव्या शाळेत प्रयोगशाळा होती, वर्गाला शिक्षक होते. दत्तू खोटं बोलला नव्हता. पण पहिल्या आठवड्यात काकूंच्या नातीची बाटली रोज भरलेलीच परत येई. बाईंनी संडासाचं दार पाहिलं, आणि पहिलीच्या वर्गाच्या दारामागे खडूने ओळ लिहिली.

बाई निवृत्त होऊन शेवगावला गेल्यानंतर मी त्या शाळेत गेलो. कडी खाली बसलेली होती. दारामागची ओळ पुसलेली होती आणि तिथे दुसरी होती: 'जीपला मागून पायरी'.

अक्षर बाईंचं नव्हतं. उभं, दाबून काढलेलं. चौथीत वर्षभर मी ते शेजारून बघत होतो. दत्तूचं होतं.