पेवात सोडलेली शाल

आमच्या धावड्याला त्या दिवशी पैलवानाचा सत्कार होता, आणि सत्काराच्या आधी मी पेवात पडले.

थांबा, आधी पेव म्हणजे काय ते सांगते. आमच्या नातवाला तो मोबाईलवरचा गेम वाटला! जमिनीत खोल खणलेलं धान्याचं कोठार, वर माणूस जेमतेम जाईल एवढं तोंड, आत ज्वारी. बंद पेवात हवा कोंडते, म्हणून उघडलं की आधी कंदील सोडायचा. कंदील विझला तर आत कुणी उतरायचं नाही, हे आम्हा पोरासोरांनाही पाठ होतं.

सन चोपन्न-पंचावन्न असेल. दिल्लीला नवे राष्ट्रीय किताब सुरू झाल्याचं आमच्या पाटलांनी रेडिओवर ऐकलं आणि त्यांच्या डोक्यात किडा वळवळला... दिल्ली देते तर धावड्यानं का देऊ नये? गावचाच एक पैलवान होता, हैदराबादेपर्यंत नाव गाजवलेला. त्याला शाल द्यायची आणि सगळ्या गावाला जेवू घालायचं ठरलं. ज्वारी कमी पडायला नको म्हणून पाटलांनी घरासमोरचं पेव सकाळीच उघडलं.

मी नऊ वर्षांची, वारं प्यायलेल्या वासरासारखी. शिवणापाणी खेळताना मागं बघत पळाले आणि... गेले की आत!

ज्वारीवर पडले म्हणून हाड मोडलं नाही. आंबूस, ऊन-ऊन वास... आणि वर भाकरीएवढा गोल उजेड. ओरडायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली.

मग माझ्या तळपायांखाली दोन हात आले. खरबरीत... आणि इतके गार! त्या हातांनी मला उभीच्या उभी वर उचललं. पुढचं मला काही आठवत नाही.

वर काय चाललं होतं ते आईनं नंतर सांगितलं. कंदील सोडला तर भप्पकन विझला. पुन्हा लावून सोडला, पुन्हा विझला. वडील उडी घ्यायला निघाले तर चौघांनी त्यांना मिठी मारून धरलं. पैलवान काठाशी उभा, एवढा आडदांड गडी, पण तोंड पांढरंफटक पडलेलं.

तेवढ्यात म्हाळूमामा धनगर मेंढरं तिथंच टाकून पळत आला. ओलं फडकं तोंडाला गुंडाळलं, बैलाचा कासरा कमरेला बांधला आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत उतरलासुद्धा. पैलवानानं वरून कासरा ओढला. मी बाहेर आले तेव्हा अर्धमेली होते म्हणे, पण श्वास चालू होता.

दुपारी सत्काराला सगळे जमले. मांडवात एकच कुजबुज... शाल कुणाला? पाटील अडून बसले. "किताब नावाजलेल्या माणसाला असतो," म्हणाले. "म्हाळूला धावड्याच्या भाईर कोण वळखतं?"

पण पैलवान मोठ्या मनाचा. शाल अंगावर घेईचना. "म्या नुसता कासरा ओढला. मामाला द्या," म्हणाला.

म्हाळूमामा दोन पावलं मागं सरला. "मला न्हाई पायजे," म्हणाला. "कासरा कमी पडला, पाटील. माझं पाय खाली टेकलंच न्हाईत. मी हात खाली सोडला, तं पोरगी बराबर हातात आली. खालून कुणीतरी वर देऊन राह्यलं व्हतं तिला..."

मी आईच्या मांडीवर होते. अहो, त्या हातांबद्दल मी तोवर कुणाला एक अक्षर बोलले नव्हते!

आणि पाटील पेवाकडं वळले. "मला बी असंच वर दिल्तं," म्हणाले. "ह्याच पेवातून."

लहानपणी तेही पडले होते. कामाला आलेला कुणी मजूर आत उतरला, त्यानं पोराला वर दिलं आणि स्वतः आतच राहिला. दुसऱ्या दिवशी त्याला काढून जाळलं. वर्षभर पेव मोकळं ठेवलं आणि मग पुन्हा ज्वारी भरली.

"नाव काय व्हतं त्याचं?" माझ्या वडिलांनी विचारलं.

"कुणी इचारलंच न्हाई," पाटील म्हणाले.

मग त्यांनी स्वतःच्या हातानं शाल आणि नारळ एका फडक्यात घालून कासऱ्याला बांधलं, आणि पेवात सोडलं. शेजारी दुसऱ्या दोरानं कंदील. सकाळी दोनदा विझलेला तो कंदील आता शांत जळत होता. तोवर कोंडलेली हवा निघून गेली असेल, असं आमचा नातू म्हणतो. असेल बाबा!

कासरा वर ओढला तर रिकामा. गाठ सुटलेली. पुढं पेव पार तळापर्यंत उपसलं, फडकं सापडलं, नारळ सापडला... शाल नाही.

आता दर जानेवारीत पद्म पुरस्कारांची लिस्ट आली की आमच्या फॅमिली ग्रुपवर भांडण पेटतं. नट-खेळाडूंनाच का, साध्या माणसांना का नाही... परवा मलाही विचारलं, आजी, तुझं मत काय? मी म्हटलं, पैलवानाला द्या, म्हाळूमामाला तर द्याच द्या. माझं घोडं अडतं ते तिसऱ्यापाशी.

थंडीत पाय पांघरुणाबाहेर राहिले की अजूनही कधीकधी तळव्यांना काहीतरी टेकतं. खरबरीत, गार. आधी भीती वाटायची, आता नाही वाटत. मी पाय आत ओढून घेत नाही. पडल्या पडल्या हात जोडते आणि विचारते... नाव काय रे बाबा तुझं?